फिट थांबली, पण डोकं अजून धुक्यातच : तुमचे प्रश्न

प्रश्न : फिट येऊन गेली की पुढचे एक-दोन दिवस मला काही सुचत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर असतं पण येत नाही, एकच मेसेज चारदा वाचावा लागतो. घरचे म्हणतात, फिट तर दोन मिनिटांत थांबली, आता कसला आळस? मी खरंच आळस करतेय का?

उत्तर : अजिबात नाही, आणि हे घरच्यांनाही वाचायला द्या. हातपाय झटकायचे थांबले की फिट संपली असं सगळे धरून चालतात, पण मेंदूच्या दृष्टीने ती तेव्हा संपलेली नसते. फिटमध्ये असंख्य पेशी एकदम बेफाम सिग्नल सोडतात, ते थांबवायला मेंदू स्वतःच ब्रेक दाबतो आणि तो ब्रेक लगेच सुटत नाही. त्यात काही जणांमध्ये मेंदूच्या काही भागाचा रक्तपुरवठाही थोडा वेळ कमी झालेला असतो. बहुतेकांचा गोंधळ काही मिनिटांत ते काही तासांत निवळतो, पण थकवा, जड डोकं, विसरभोळेपणा एक-दोन दिवस रेंगाळू शकतो, मोठी फिट असेल किंवा लागोपाठ आल्या असतील तर जास्तच.

शब्द न सापडणं मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. बऱ्याच जणांचं भाषेचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, त्यामुळे फिट नेमकी कुठून सुरू होते याचा अंदाज त्यावरून येऊ शकतो. डायरीत फिट किती वेळ होती एवढंच लिहू नका, पूर्ण भानावर यायला किती वेळ लागला तेही लिहा (ही नोंद जवळजवळ कुणीच ठेवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं).

त्या दोन दिवसांत झोप हवी तेवढी घ्या, पैशाचे किंवा सहीचे निर्णय पुढे ढकला. आणि वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी ठेवाच, कारण या धुक्यात गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, मग कुणी डोस चुकवतं तर कुणी दोनदा घेतं.

प्रश्न : फिटनंतर माझे मिस्टर उठून चालायला लागतात, धरलं की ढकलतात, एकदा तर मला मारलं. नंतर त्यांना काहीच आठवत नाही. मी काय करू?

उत्तर : ताई, तुम्हाला लागलं, भीती वाटली, ते खरंच आहे. पण ते रागाने मारत नाहीयेत. समोर कोण आहे हे मेंदूला अजून कळत नसतं आणि अशा वेळी कुणी घट्ट धरलं तर तो हल्लाच वाटतो. म्हणून धरू नका. दार, जिना, गॅस यांच्या वाटेत तुम्ही उभ्या राहा, हळू आवाजात नाव घेऊन बोला, एकावेळी एकच माणूस बोलू दे. नीट उत्तर देईपर्यंत पाणी, खाणं, गोळी काहीही तोंडात देऊ नका. झोपून असतील तर कुशीवर वळवा. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

प्रश्न : फिटनंतर गाडी कधी चालवू?

उत्तर : डोकं साफ वाटलं म्हणून नाही. चालवायची की नाही आणि कधी, ते कायदा आणि तुमचे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : मला तर फिट नसतानाही कायम धुकं असतं. गोळ्यांमुळे असेल का, बंद करून बघू?

उत्तर : गोळ्यांमुळे असू शकतं, पण स्वतःहून बंद अजिबात करू नका, अचानक बंद केल्याने न थांबणारी फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतते. टोपिरामेटने शब्द अडखळतात, फेनोबार्बिटोनने सुस्ती येते, दोन-तीन औषधं एकत्र असली की आणखी जड वाटतं. डोस किंवा औषध बदलता येतं, फक्त ते डॉक्टरांनी हळूहळू करायचं. कारणं दुसरीही असतात, म्हणजे अपुरी झोप, डिप्रेशन, आणि झोपेत कळत नकळत येणाऱ्या फिट. सकाळी जीभ चावलेली, अंग दुखतंय, अंथरूण ओलं असं असेल तर तेही सांगा.

प्रश्न : घाबरून हॉस्पिटलला कधी न्यायचं?

उत्तर : फिट 5 मिनिटांच्या वर गेली, शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, डोक्याला मार लागला, श्वास नीट नाही, किंवा नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ गोंधळ आहे, तर लगेच. शेवटच्या प्रकारात बाहेरून झटके न दिसता आत फिट चालूच असू शकते, ते ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) काढल्यावरच कळतं. एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तर तो टॉड्स पॅरालिसिस (फिटनंतर येणारा तात्पुरता लुळेपणा) असू शकतो, जो साधारण दोन दिवसांच्या आत जातो, पण पहिल्यांदाच झालं असेल तर घरी वाट बघू नका, स्ट्रोकही तसाच दिसतो.

अजून एक, जे कुणी विचारलं नाही. लागोपाठ फिट येऊन गेल्या, माणूस एक-दोन दिवस छान होता आणि मग अचानक संशय घ्यायला लागला, भास व्हायला लागले, झोप उडाली, तर ते वेड लागलं असं समजून घरात लपवू नका. फिटनंतर येणारा हा सायकोसिस उपचाराने बरा होतो, पण तेवढ्यात माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू शकतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.