आधी पाणी की आधी रस्ता? क्लबच्या बैठकीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सेवाभावी क्लबात २८ सदस्य आहेत. जुलैत पदग्रहण झालं की पहिल्याच बैठकीत ‘यंदा शहरासाठी काय करायचं’ हा विषय निघतो. दोन तास चर्चा चालते, बोलतात चार-पाच जणच, यादी पंचवीस कामांची होते आणि शेवटी ठरतं वृक्षारोपण. प्राधान्य ठरवायची काही पद्धत आहे का?
– सचिव, लातूर जिल्हा

उत्तर : तोंडी चर्चेत ज्याचा आवाज मोठा, त्याची गल्ली आधी येते. म्हणून पहिली दहा मिनिटं कुणीच बोलायचं नाही. प्रत्येकाला दोन कोऱ्या चिठ्ठ्या द्या. एका चिठ्ठीवर एकच अडचण, तीही ठिकाणासकट. नुसतं ‘स्वच्छता’ लिहिलेली चिठ्ठी परत करा. ‘आठवडी बाजारात बायकांना स्वच्छतागृह नाही’ असं लिहिलं तर त्यावर काही करता येतं. ५६ चिठ्ठ्यांतल्या सारख्या एकत्र केल्या की पंधरा-अठरा विषय उरतात.

ते भिंतीवर तीन रांगांत चिकटवा : क्लब स्वतः करू शकतो ते, नगरपरिषदेकडे मागायचं ते आणि दुसऱ्याच खात्याचं ते. तिसरी रांग अपेक्षेपेक्षा लांब होते. गावातून जाणारा मोठा रस्ता बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो, लोंबत्या तारा महावितरणच्या, बसस्थानकाचं आवार एसटी महामंडळाचं. या कामांचं निवेदन मुख्याधिकाऱ्यांना दिलं तर फोटो छापून येतो आणि खड्डा जागच्या जागी राहतो.

मग मतदान. टिकल्यांची दोन-तीन पाकिटं आणा, प्रत्येकाला तीन टिकल्या द्या. एका विषयाला एकाची एकच टिकली. वरचे तीन विषय ठेवा, बाकीचे वहीत उतरवून बाजूला. या तिन्ही विषयांना एकच प्रश्न विचारा : तिसऱ्या वर्षी हे कोण सांभाळणार? क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला अध्यक्ष बदलतो. नवा अध्यक्ष नवा प्रकल्प घेऊन येतो, जुना वाऱ्यावर. उत्तरात व्यक्तीचं किंवा पदाचं नाव येत नसेल, तर कितीही टिकल्या पडोत, तो विषय खाली घ्या.

मागणीच्या रांगेतल्या विषयांना तारीख लावा. नगरपरिषदेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलचं, अंदाजपत्रक त्याआधी तयार होतं. निवेदन डिसेंबरपूर्वी पोचलं तर तरतुदीत बसण्याची आशा. एप्रिलनंतर ‘तरतूद नाही’ एवढंच उत्तर येतं. नालेसफाई मागायची ती मार्चमध्ये. जूनमध्ये दुकानात पाणी शिरल्यावर ती आठवते, तेव्हा नाल्यात मशीन उतरत नाही.

प्रश्न : नळाला आठ दिवसांआड पाणी येतं. मुख्याधिकाऱ्यांना बैठकीला बोलावतो, शाल-नारळ होतो, ‘बघू’ म्हणून ते जातात. त्यांना नेमकं काय विचारावं?
– सदस्य, बीड जिल्हा

उत्तर : ‘पाणी रोज का येत नाही’ असं विचारलं की उत्तरात धरण येतं. मराठवाड्यात ते खोटंही नसतं. मांजरा धरण आटलं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं; पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. पण धरण भरलेलं असतानाही आठ दिवसांआडच येत असेल, तर दोष पुढे कुठेतरी आहे. तो शोधायला तीन आकडे मागा : धरणातून रोज किती उचलता, शुद्धीकरण केंद्रातून किती बाहेर पडतं, टाक्यांची एकूण क्षमता किती.

मग गणित घरचं. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर, ती नसलेल्या नळयोजनेला ७० लिटर, असं प्रमाण धरतात. ६० हजार वस्तीला ७० नं ४२ लाख लिटर होतात. केंद्रातून रोज ५० लाख बाहेर पडत असेल आणि तरी आठवडा लागत असेल, तर पाणी कमी नाही. ते गळतंय, टाकी लहान असल्यानं साठत नाही, किंवा एका झोनचा (एका वेळी पाणी सोडतात त्या भागाचा) वॉल्व्ह बंद होईपर्यंत दुसरा उघडता येत नाही. उचलच २५ लाखांची असेल, तर पंप, वीज किंवा जुनी जलवाहिनी बघावी लागते. दोन्हींचे इलाज वेगळे, खर्चही वेगळे. हे आकडे हातात असले की ‘बघू’ म्हणणं जरा अवघड जातं.

प्रश्न बैठकीच्या आठ दिवस आधी लेखी द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. आकडे मिळालेच नाहीत तर माहिती अधिकार अर्ज : १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतींना पानाला २ रुपये. आधी तोंडी मागून बघा, अर्जानं माणसं उगाच ताठरतात.

एक काम मात्र क्लबनं स्वतः करण्यासारखं आहे. आठ दिवस रिकामी राहिलेली वाहिनी फुटक्या जोडातून आसपासचं गटाराचं पाणी ओढून घेते, म्हणून पाणी सुटल्यानंतरचा पहिला अर्धा तास धोक्याचा. झोनच्या अगदी शेवटच्या दहा घरी ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून बघायची चाचणी. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात किटवर दिलेले थेंब, आणि दहा सेकंदांच्या आत रंग बघायचा. उशीर केला तर मोकळा (जंतू मारायला उरलेला) क्लोरीन आणि बांधलेला (पाण्यातल्या घाणीशी जोडला गेलेला) क्लोरीन एकत्र दिसतो, आकडा फसवा येतो. पिवळी छटा रंगपट्टीवर लिटरला ०.२ मिलिग्रॅम किंवा वर हवी. रंग आलाच नाही तर तिथपर्यंत क्लोरीन पोचलेला नाही. टाकीजवळच्या नळावर टेस्ट करून ‘सगळं ठीक’ म्हणणं ही नेहमीची चूक. तपासलेलं पाणी ओतून द्या, हात धुवा. ते औषध पिण्याच्या पाण्यात जाता कामा नये. तारीख, वेळ, प्रभाग, छटा असा तक्ता महिनाभर भरला, की निवेदनाला जोडायला याहून भक्कम कागद नाही.

प्रश्न : एक दाते आरओ प्लँट देतो म्हणतात, काही सदस्यांना ३०० झाडं लावायची आहेत. दोन्हींपैकी काय घ्यावं?
– अध्यक्षा, परभणी जिल्हा

उत्तर : आधी बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम, ते मोजा. ५०० च्या आत असेल तर सहसा आरओची गरज नसते; वाळू-कार्बन फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरतो. त्याहून बराच जास्त असेल तर दुसरा हिशेब करा : निम्मं पाणी वाया जाणारा प्लँट असेल, तर हजार लिटर गोड पाण्यासाठी बोअरनं दोन हजार द्यायला हवेत. एप्रिलमध्ये बोअर तेवढं देतं का? आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड. अँटिस्केलंटचा (क्षार बसू न देणाऱ्या औषधाचा) डोस चुकला की मेंब्रेन, म्हणजे आरओतला गाळणारा पडदा, चोंदतं. प्लँट दाता देतो. मेंब्रेन, कार्ट्रिज आणि लाईटबिल कोण देणार, ते दानपत्रात लिहून घ्या. नाहीतर दोन वर्षांत तिथे फक्त दात्याच्या नावाची पाटी उरते.

झाडांचाही हिशेब पाण्याचाच. ३०० झाडांना आठवड्याला १५ लिटरप्रमाणे ४,५०० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचा एक टँकर. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत १९ फेऱ्या, आणि हे निदान दोन उन्हाळे. टँकरचा पैसा आज बाजूला काढता येत नसेल तर ३० झाडं लावा : दोन-दोन फुटांचे खड्डे, कडुनिंब, करंज, वड, जाळी भक्कम. शेळ्या जाळीचा पहिला ढिला कोपरा शोधतात.

आम्हाला विचाराल तर दोन्ही थांबवून बाजारातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाचा विषय घ्यावा. पाणी, दिवा, आतून लागणारी कडी आणि पगारी सफाई बाई, एवढंच लागतं. यातला पगारच राहून जातो. बांधकामाला एकरकमी देणारे पुष्कळ भेटतात, दर महिन्याला पगार देणारे क्वचित.

प्रश्न : शाळेपुढे गतिरोधक क्लबनं बांधला तर चालेल का?
– सदस्य, हिंगोली जिल्हा

उत्तर : नाही. ज्या खात्याचा रस्ता, त्याचीच परवानगी आणि त्याचंच काम. तुम्ही अर्जात माप लिहा : रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाई असलेला, आधी फलक आणि वर पांढरे पट्टे. हातभर रुंद सिमेंटची वरंबी घातली तर दुचाकीवरची मागची बाई उडते, आणि गाडीवाला पुढच्या खेपेला कडेच्या मातीतून काढतो, जिथून लेकरं चालतात.