ग्रंथालयातलं सभागृह आणि वरची अभ्यासिका

प्रश्न : विद्यापीठ ग्रंथालयाच्या तळमजल्यावर आमचं सभागृह आहे. लांबी १८ मीटर, रुंदी १०, उंची ४. प्लास्टरच्या भिंती, गुळगुळीत फरशी, १२० प्लास्टिकच्या खुर्च्या. मागच्यांना वक्त्याचे शब्द कळत नाहीत, आणि एकांकिकेची तालीम सुरू झाली की वरच्या अभ्यासिकेतून तक्रार येते. भिंतींना फोम लावला तर दोन्ही प्रश्न सुटतील का?

उत्तर : पहिला सुटेल, दुसरा नाही. आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं.

घनफळाला ०.१६१ ने गुणून शोषणाने (म्हणजे पडलेला सगळा आवाज गिळणाऱ्या पृष्ठभागाचे किती चौरस मीटर भरतात त्याने) भागलं की आवाज किती सेकंद घुमतो ते कळतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस साबिन यांनी हार्वर्डमधलं एक व्याख्यानगृह सुधारताना नाट्यगृहातल्या गाद्या तिथे आणून, रात्री मोजमापं घेऊन हे सूत्र बसवलं. तुमचं घनफळ ७२० घनमीटर. रिकाम्या खोलीचं शोषण साधारण २९ चौरस मीटर धरलं, तर आवाज ४ सेकंद घुमतो. एक शब्द विरायच्या आत पुढचे कितीतरी त्यावर चढतात. भाषणाला आणि नाटकाला ०.८ सेकंद पुरे, म्हणजे शोषण १४५ हवं. हिशेब अर्ध्या भरलेल्या सभागृहावर करा: ६० माणसांचे सुमारे २७, मूळचे २९, उरले ८९. बहुतेक ठिकाणी हिशेब भरलेल्या सभागृहावर होतो आणि तालमीला पुन्हा आवाज घुमतो.

पातळ फोम नको. तो वरचे सूर शोषतो, खालचे सोडतो, आणि पेटतो. थर्माकोलने काहीच साधत नाही. ५० मिमी जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) लाकडी चौकटीत बसवा, मागे ५० मिमी पोकळी ठेवा. वरचं कापड असं हवं की तोंडाने फुंकर मारली तर आरपार जावी. रेक्झिन लावलं की सगळा खर्च वाया. पडलेला सगळाच आवाज हे शोषत नाही, म्हणून ८९ साठी असे सुमारे १०५ चौरस मीटर लागतील. आधी मागची भिंत, मग बाजूच्या भिंतींचा मागचा भाग, उरलेले छताच्या कडांना. रंगमंचासमोरचं मधलं छत मात्र उघडंच राहू द्या, तेच वक्त्याचा आवाज मागे पोचवतं.

आता अभ्यासिका. रात्री सभागृहात दिवे लावून बाहेर अंधारात उभे राहा. दाराखालून, चौकटीतून, एसीच्या भोकातून उजेड दिसला, की तिथून आवाजही निसटतो. भरीव दार, कडेने रबरी पट्टी, दार मिटताच खाली उतरणारी तळपट्टी, आणि जिन्याच्या बाजूला दोन दारांमधे दीड मीटरची मोकळी जागा, एवढं कराच. पायांचा आणि ढोलकीचा दणका मात्र स्लॅबमधून चढतो. रंगमंच रबरी पॅडवर ठेवा, भिंतीपासून १० मिमी सोडा. मोठ्या ध्वनिक्षेपकांचा खर्ज यानेही पुरता थांबत नाही. त्या तालमी अभ्यासिका बंद झाल्यावरच घ्या. त्यासाठी सभागृहाला थेट बाहेरून दार हवं, नाहीतर प्रेक्षक ग्रंथालयाच्या फाटकातून जातील.

प्रश्न : पुस्तकं हलवून मोकळी झालेली पुस्तक-कोठी सभागृहासाठी चालेल?

उत्तर : वजन बहुधा पेलेल. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्यानुसार कोठीला चौरस मीटरला ६ किलोन्यूटन (सुमारे ६०० किलो वजनाइतका) भार धरतात, न जखडलेल्या खुर्च्यांच्या सभागृहाला ५. खरी अडचण खांबांची: ते रंगमंच झाकतात. शिवाय कोठीचा जिना मोजक्या माणसांसाठी असतो. एकमेकांपासून लांब, बाहेर उघडणारी दोन दारं निघत नसतील, तर बेत सोडा.