स्विमिंग पूलच्या टाइल सुटतायत, वरून रंग मारू का?

प्रश्न : गिरणाऱ्याजवळ आमच्या द्राक्षबागेत पाहुण्यांसाठी तीन खोल्या आणि 30 बाय 15 फुटांचा, 4 फूट खोल पूल आहे. बारा वर्षांत तळाच्या निळ्या मोझॅक टाइल सुटायला लागल्या, मुलांच्या पायांना कापतं. गवंडी म्हणतो, वरून इपॉक्सी रंग मारा, निम्म्या पैशात होईल. पावसाळ्यात पाहुणे कमी, तेव्हा काम उरकावं का?

उत्तर : ताई, दोन्हीला नाही म्हणते.

आधी पावसाळ्याचं. भरलेला पूल आपल्या वजनाने जागेवर बसलेला असतो. तो उपसला आणि बाहेरच्या जमिनीत पाणी चढलेलं असलं, की ते खालून दाबतं. साइटवर नवी होते तेव्हा जुलैत एक पूल रिकामा करायला मीच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी तळ मधोमध फुगून तडकला. मालकांचा चेहरा अजून आठवतो. तुमच्याकडे विहीर असेलच, तिचं पाणी पूलच्या तळापेक्षा बरंच खाली गेल्यावरच उपसा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी इपॉक्सीला, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रसायनाला, लवकर धरू देत नाही. म्हणून फेब्रुवारी धरा, मेच्या सुट्टीआधी काम होतं.

उपसण्याआधी गळती बघा. पूलच्या पाण्याने भरलेली बादली पायरीवर ठेवा, आतल्या-बाहेरच्या पातळीला खूण करा, पंप बंद. चोवीस तासांनी बादलीपेक्षा पूल जास्त उतरला असेल तर पाणी नुसतं उन्हाने उडत नाहीये, गळतंय.

रिकामा झाला की लाकडी दांड्याने टाइल ठोकत फिरा. बद्द आवाज आला तिथे खडूने फुली. फुल्या थोड्या असल्या तर तेवढ्याच टाइल काढून बसवा आणि सगळे सांधे इपॉक्सी ग्राउटने भरून घ्या. निम्मा तळ फुल्यांनी भरला तर मात्र सगळं उकरायचं.

रंग गुळगुळीत टाइलवर धरत नाही, शिवाय सुटलेली टाइल रंगासकट सुटते. उघड्या, पूर्ण वाळलेल्या काँक्रीटवर इपॉक्सी चालतो, पण काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. पांढरं सिमेंट आणि संगमरवराच्या भुकटीचा गिलावा स्वस्त आणि दिसायला छान, पण पाण्याचा पीएच घसरला, म्हणजे पाणी आम्ल झालं, की तो खरखरीत होतो. 1.5 मिलीमीटरचं पीव्हीसी लायनर, म्हणजे आतून बसवायचं प्लास्टिकचं अस्तर, महाग. मात्र काँक्रीटला केसासारख्या बारीक भेगा असतील तर तेच त्या झाकून नेतं, पाहुण्यांच्या पोरांनी टोकदार काही टाकलं नाही म्हणजे झालं.

मी तुमच्या जागी असते तर पुन्हा मोझॅकच लावलं असतं. तळ आणि भिंती मिळून साधारण 810 चौरस फूट होतात, दर त्यावरच मागा. टाइलआधी वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि सात दिवस पाणी भरून ठेवणं कोटेशनमध्ये लिहून घ्या. गवंडी हमखास तिसऱ्या दिवशी म्हणेल, "बाई, काही गळत नाही, लावू का?"