"सगळं ओके सर" म्हणणारी लाइन

प्रश्न : नमस्कार सर, मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आहे. आठ वर्षं सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) ऑपरेटर होतो, दिवाळीनंतर सुपरवायझर झालो, हाताखाली 11 जण. मागच्या आठवड्यात नाइट शिफ्टला 14 जॉबचा (पार्टचा) बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज झाला आणि ऑपरेटरने ते चांगल्या मालाच्या ओके बिनमध्ये खाली दडवले, कस्टमरची कम्प्लेंट आली तेव्हा मला कळलं. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून काहीही विचारा, "सगळं ओके सर". ही माणसं मन लावून काम करतील यासाठी काय करू?

उत्तर : त्या 14 जॉबपेक्षा मला "सगळं ओके सर"ची जास्त काळजी वाटते. जॉब स्क्रॅप झाले, विषय संपला, पण लाइन गप्प झाली की पुढचं काहीच तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतो. अप्रेंटिस होतो तेव्हा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) तुटला की आमचा फोरमन अख्ख्या शॉपला ऐकू जाईल असा ओरडायचा, मग मी तुटलेले टॅप डब्यात घालून घरी न्यायचो, आई विचारायची हे लोखंड कशाला आणतोस. पुढे दुसरे साहेब आले, त्यांनी मशीनजवळ एक पत्र्याचा ट्रे ठेवला, म्हणाले तुटलेलं सगळं यात टाका, कोणी तोडलं ते मी विचारणार नाही. शनिवारी स्वतः ट्रे घेऊन बसायचे आमच्यासोबत. दोन आठवड्यांत कळलं की एम 8 च्या, म्हणजे 8 मिलिमीटरच्या आट्यांच्या, टॅपसाठी भोक 6.8 चं हवं, आणि स्टोअरमधून येत होतं 6.5 चं ड्रिल! टॅप तुटणारच होते हो, आणि आम्ही पोरं इतके दिवस स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

तुम्ही ऑटोवालेच आहात म्हणून अजून एक. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, दांड्या, कामावर दारू, युनियन-मॅनेजमेंटचं हाडवैर, आणि काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही, चुकीचा पार्ट बसला तरी गाडी पुढे. 1982 ला बंद पडला. 1984 ला टोयोटाने जीएमसोबत भागीदारीत तोच कारखाना न्यूमी नावाने चालू केला आणि घेतली कोण, तर बहुतेक तीच जुनी माणसं, युनियनही तीच. फरक असा की डोक्यावर एक दोरी होती, अंडॉन म्हणतात, अडचण आली की कामगाराने ओढायची, दिवा लागणार, टीम लीडर येणार, तेवढ्यात नाही सुटलं तर लाइन थांबणार. थोड्याच दिवसांत तिथल्या गाड्या जपानमधल्या टोयोटाच्या तोडीस तोड निघायला लागल्या. दोरी काय कोणीही बांधेल, पण ओढल्यावर येणारा माणूस "कोणी थांबवली?" म्हणत येतो की "काय अडलं?" म्हणत, त्यावर सगळं आहे. "कोणी थांबवली?" म्हणणारा आला तर परत कोणी त्या दोरीला हात लावत नाही.

तुमच्या लाइनवर येणारा माणूस तुम्ही आहात. उद्या त्या ऑपरेटरला केबिनमध्ये बोलवू नका, त्याच्या मशीनपाशी जा, एकट्याशी बोला, आणि का दडवलं असं न विचारता नो-गो गेज (भोक बरोबर असेल तर आत जायलाच नको असं माप) पहिल्यांदा कितव्या जॉबला आत गेला ते विचारा. कदाचित इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) झिजला असेल, कदाचित रात्री ऑफसेट द्यायला, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती टाकायला, सेटरच नसेल, आठ वर्षं तिथेच काढलीत, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते जॉब कस्टमरकडे जायला नको होते हेही त्याला स्पष्ट सांगा, त्यात मऊपणा नको. पण झापलंत सगळ्यांसमोर, तर "माझं तसं ओरडणं चुकलं" हेही सगळ्यांसमोरच म्हणा, शिफ्ट सुरू होताना, दोन वाक्यांत. आणि यापुढे जो कोणी स्वतःहून रिजेक्ट मालाच्या लाल बिनमध्ये जॉब टाकून सांगायला येईल त्याला पहिला शब्द "बरं झालं सांगितलंस" हाच, मग टार्गेट बोंबललेलं असू दे नाहीतर वरून फोन येत असू दे. पहिले काही दिवस रिजेक्शनचा आकडा वाढलेला दिसेल, तुमच्या मॅनेजरला तसं आधीच सांगून ठेवा.

तो ऑपरेटर काय म्हणाला ते मला नक्की कळवा.