डब्याची भिंत कापण्याआधी

प्रश्न : वर्धा रोडवर हॉटेल काढायला लिलावातला रेल्वेचा जुना आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) डबा घेतला. सध्या आपल्याच दोन बोग्यांवर, म्हणजे चाकांच्या गाड्यांवर, उभा आहे. मिस्त्री म्हणतो, मधल्या तीन खिडक्या फरशीपर्यंत कापून मोठं काचेचं दार करू. वजन तर खालची चेसिस घेते, भिंत म्हणजे नुसता पत्रा. बरोबर आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी मिस्त्रीला कटर खाली ठेवायला सांगा, भाऊ. चेसिसवर हौदा, हे ट्रकचं झालं. या डब्याच्या कारखान्याच्या नावातच ‘इंटिग्रल’ (एकसंध) आहे, म्हणजे फरशी, भिंती, छप्पर सगळे मिळून वजन पेलतात. कळमन्यात संत्र्याची लाकडी पेटी पाहिली असेल. झाकण नसताना एका कोपऱ्याला धरून उचलली की पिळते. झाकण ठोकलं की तीच टणक.

दोन बोग्यांच्या मध्यात १४.७८ मीटर अंतर. तेवढ्यावर तुमची भिंत तुळईचं काम करते : वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते. खिडक्यांखालचा पत्रा मधोमध कापलात, की तिथे एकटा सोलबार, म्हणजे भिंतीच्या तळाशी लांबीभर जाणारी पोलादी तुळई, उरला. मूळची दारं टोकांना आहेत, ती उगाच नाहीत. (मेट्रोला मधेही दारं असतात, पण तिचा सांगाडा पहिल्यापासून त्याच हिशेबाने आखतात.)

दार हवंच असेल, तर जागा टोकाकडची निवडा. मधेच हट्ट असेल, तर कापण्याआधी दाराच्या दोन्ही बाजूंना सोलबारखाली पक्के काँक्रीटचे खांब घ्या, चौकटीला चॅनल वेल्ड करा आणि कोपरे गोल ठेवा. काटकोनातून चीर सुटते. वेल्डिंगआधी आतलं प्लायवूड आणि मागचं इन्सुलेशन काढा, नाहीतर आग लागेल.

त्याहीआधी हातोडी घ्या. कॅरेज वर्कशॉपात माझी ३१ वर्षं गेली, त्यातली निम्मी संडासाखालचा सोलबार ठोकत. चांगलं पोलाद खणखणतं. सडलेलं भद्द वाजतं आणि गंजाची पापडी हातावर पडते. असं वाजलं, तर दाराचा विषय नंतर.

आणि कापताना सोलबारखाली टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून ठेवा. सोलबार आणि दोरा यांतलं अंतर मधोमध आधी पट्टीने मोजा, प्रत्येक कापानंतर पुन्हा मोजा. दोन मिलिमीटर जरी खाली आलं, तरी काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

जाता जाता : पाटीवर ‘बोगी कॅफे’ लिहू नका. बोगी म्हणजे खालचा चाकांचा गाडा. गिऱ्हाईक बसणार ते डब्यात.