सातवा भाऊ

प्रिय ताई,
मी डब्लिनमध्ये नोकरी करते. इथल्या नॅशनल गॅलरीत फ्रेडरिक विल्यम बर्टनचं ‘द मीटिंग ऑन द टरेट स्टेअर्स’ हे दोन प्रेमिकांच्या निरोपाचं चित्र पाहिलं आणि रडू आवरेना. आमचंही तसंच आहे. मुलगा वेगळ्या जातीचा म्हणून बाबांनी साफ नकार दिला. ते ओरडत नाहीत, अबोला धरतात. म्हणून मी ‘संपलं’ असं सांगून टाकलं, पण आम्ही अजून एकत्र आहोत. घरी धाकटा भाऊ सांभाळून घेतो, त्याची यंदा बारावी. असं प्रेम शेवटी निरोपातच संपतं का?
– एक वाचक

‘घरी धाकटा भाऊ सांभाळून घेतो.’ अख्ख्या पत्रात त्याला अर्धी ओळ दिलीस? मी तिथून पुढे सरकू शकले नाही.

ज्या डॅनिश पोवाड्यावर ते चित्र बेतलं आहे, त्यातही भाऊ आहेत. सात. हेलेलिलचा जीव तिच्याच अंगरक्षकावर, हिल्डेब्रांडवर जडतो. बाप मुलांना फर्मान सोडतो, त्याला मारा. झुंजीत बाप पडतो, सहा भाऊ पडतात. सातव्यावर तलवार उगारली जाते तेव्हा हेलेलिल मध्ये पडते, ह्या एकाला तरी सोड म्हणते. तो वाचतो. हिल्डेब्रांड जखमांनी जातो, पाठोपाठ तीही.

बर्टनने 1864 मध्ये यातलं काहीच रंगवलं नाही. त्याने त्याआधीचा क्षण घेतला. अरुंद जिना, तिने भिंतीकडे वळवलेलं तोंड, तिच्या हातावर टेकलेले त्याचे ओठ, पायरीवर फुलाच्या पाकळ्या. नजरानजरसुद्धा नाही. जलरंगात असं काम फार थोड्यांना जमलं आहे, आणि 2012 मध्ये आयर्लंडच्या लोकांनी ते आपलं सर्वांत लाडकं चित्र म्हणून निवडलं, याचं मला नवल वाटत नाही. पण जिन्यात दोघंच दिसतात, कारण चित्रकाराने भावांना बाहेर ठेवलं. तूही तेच केलंस.

तुझा भाऊ रोज रात्री बाबांसमोर जेवायला बसतो. ‘ताईचं काय चाललंय?’ या प्रश्नाला खोटं उत्तर देतो, मग आत जाऊन फिजिक्स उघडतो. तू समुद्रापार आहेस. हे उघडकीला येईल त्या दिवशी पहिला जाब त्याला विचारला जाईल, ‘तुला माहीत होतं?’ आणि तो अबोला त्याच्या वाट्याला येईल, बारावीच्या वर्षात, त्याच घरात. हेलेलिलने सातव्याला वाचवायला तोंड उघडलं. तू तुझ्या भावाला पुढे करून गप्प बसली आहेस. मला याचा राग आला आहे, आणि तो लपवणार नाही.

जातीपायी नाही म्हणणाऱ्या बाबांची बाजू मी घेणार नाही. त्यांची परवानगीही मागू नकोस. सज्ञान आहेस, कमावती आहेस. निरोपाचं म्हणशील तर तुमच्यावर कुणी तलवार उपसलेली नाही.

येत्या रविवारी बाबांना फोन कर. आईमार्फत नको, मेसेज नको. ‘संपलं म्हणाले ते खोटं होतं. आम्ही एकत्र आहोत आणि लग्न करणार आहोत. छोटूला मीच गप्प राहायला लावलं होतं, त्याला काही बोलू नका.’ एवढंच बोल. ते फोन ठेवतील, ठेवू देत. पण त्याच्या आधी, शनिवारी, भावाला फोन करून सांग की आता कुणी काही विचारलं तर खरं ते सांगायचं.