फिलिपिन्समधील मिशन: दीड वर्षाचा रोजचा दिवस कसा असतो

तू लिहिले आहेस की तुझे वय वीस आहे, तुला पुण्याहून फिलिपिन्सला दीड वर्षाच्या मिशनचे, म्हणजे चर्चच्या धर्मप्रसाराच्या आणि सेवेच्या कामाचे, बोलावणे आले आहे, तिथली टागालोग भाषा शिकावी लागणार आहे आणि आई रोज एकच प्रश्न विचारते, की तिथे तू दिवसभर नेमके करणार काय. बाहेरचे लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात त्या आपल्याच चर्चची मी सभासद. मूळची मुंबईची, लुझोन बेटावरच्या नुएवा एसिहा या भातशेतीच्या प्रांतात सिस्टर मिशनरी म्हणून सेवा केली आणि लग्नानंतर युटामध्ये स्थायिक झाले. उत्तर सविस्तर देते. आईलाही वाचून दाखव.

पहिला आठवडा प्रशिक्षण घरूनच ऑनलाइन होते. त्यानंतर मनिलाचे प्रशिक्षण केंद्र; भाषा शिकणाऱ्यांना तिथे साधारण सहा आठवडे ठेवतात. प्रत्यक्ष क्षेत्रात गेल्यावर दिवसाचा साचा जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो. सकाळी साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ, नाश्ता, आधी एकटीने आणि नंतर जोडीने शास्त्राभ्यास, नव्या मुलींना भाषेचा वेगळा वेळ, आणि दहाच्या सुमारास घराबाहेर. रात्री नऊच्या आसपास परतून दुसऱ्या दिवसाची आखणी करायची आणि साडेदहाला दिवे मालवायचे. २०१७ पासून स्थानिक परिस्थितीप्रमाणे या वेळा मागेपुढे करण्याची मुभा आहे, आणि जिथे माणसे उन्हाआधी शेतावर जातात तिथे ती फार उपयोगी पडते.

हे वेळापत्रक महिनाभरात अंगवळणी पडते. कंपॅनियन, म्हणजे चोवीस तास बरोबर राहणारी जोडीदार मिशनरी, अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो, आणि माझ्या मते मनाची तयारी करायची असेल तर ती या गोष्टीची कर. कंपॅनियन तू निवडायची नसते; मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या मिशनचे प्रमुख, प्रार्थनापूर्वक जोड्या ठरवतात. बाथरूमचा अपवाद सोडला तर तुम्ही दोघी एकमेकींच्या नजरेआड होत नाही: बाजारात, दवाखान्यात, चर्चमध्ये, सगळीकडे बरोबर, झोपायचेही एकाच खोलीत, पलंग वेगळे. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर, म्हणजे बदली, येते आणि दोघींपैकी एकीला बॅग भरावी लागू शकते. नवीन मुलीचे पहिले बारा आठवडे मात्र प्रशिक्षण देणाऱ्या सिस्टरबरोबर जातात.

माझी पहिली कंपॅनियन दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटाची होती. अतिशय प्रेमळ, पण बोलण्यात इतकी चपळ की एखाद्या घरी बोलताना मी जरा अडखळले की माझे वाक्य तीच पूर्ण करी. ती हे मायेनेच करत होती, तरी परिणाम असा झाला की मी प्रत्येक घरी नुसती मान डोलावत बसू लागले. यावर आपल्या मिशनमध्ये एक फार चांगली पद्धत आहे. आठवड्याच्या आखणीच्या वेळी दोघींनी समोरासमोर बसायचे, प्रार्थना करायची, आधी एकमेकींचे जे आवडले ते सांगायचे आणि मग जे खुपते तेही सांगायचे. मी तिला म्हणाले, "मी अडले तरी मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांब." तिने मला सांगितले की नळाला पाणी पहाटेच येते आणि माझ्या आंघोळीनंतर तिच्यासाठी ड्रममध्ये काही उरत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती हात मांडीवर ठेवून थांबू लागली, आणि मग घरातल्या आज्याच मला अडलेला शब्द पुरवू लागल्या. माझी टागालोग खरी तिथून सुरू झाली. आपल्याकडे मुलींना "चालवून घे" हे इतके शिकवलेले असते की खुपलेली गोष्ट शांतपणे तोंडावर सांगणे आपल्याला उद्धटपणा वाटतो. इथे गप्प बसलेले सहा आठवडे दोघींनाही जड जातात, म्हणून ही सवय घरातूनच लावून घे.

लोकांच्या घरी जाणे हा दिवसाचा सर्वांत मोठा भाग. तिथे दार ठोठावत नाहीत; फाटकाबाहेरून "ताओ पो" अशी हाक द्यायची आणि वाट पाहायची. देश बहुसंख्य कॅथलिक आहे, त्यामुळे येशूविषयी बोलणे कुणाला परके वाटत नाही, पण आपला धर्म सोडायचा नाही हेही लोक हसून स्पष्ट सांगतात आणि तरीही प्लास्टिकची खुर्ची पुढे करून खायला विचारतात. इन्स्टंट कॉफी हमखास पुढे येते. आपल्याला कॉफी वर्ज्य, म्हणून नम्रपणे नको म्हणून पाणी माग, कुणी वाईट वाटून घेत नाही. घरात एकटा पुरुष असेल तर आत जायचे नाही. तुम्हा दोघींखेरीज आणखी एक प्रौढ स्त्री तिथे हवी, नाहीतर पुन्हा यायचे. हा नियम आईला आवर्जून सांग.

उपदेशाइतकीच सेवाही असते. सुगीच्या दिवसांत तिथे भात काँक्रीटच्या रस्त्याच्या कडेला आणि बास्केटबॉलच्या मैदानावर वाळत घालतात आणि लाकडी फावड्याने सतत फिरवत राहतात. आभाळ भरून आले की शेजारीपाजारी धावत सुटतात, मिनिटांत सारा ढीग पोत्यांत जातो. आम्हीही स्कर्ट खोचून धावत असू. ज्या घरांनी आमचे बोलणे कधीच ऐकून घेतले नाही, त्यांच्याही पोत्यांची तोंडे आम्ही धरली आहेत, आणि त्या कामावर माझे मनापासून प्रेम होते. आता तुला तेही सोपे जाईल, कारण २०१८ च्या डिसेंबरपासून सिस्टर मिशनऱ्यांना पँट घालण्याची परवानगी आहे.

चर्च तिथे १९६१ पासून रुजलेले आहे, मनिलाचे मंदिर १९८४ चे आहे आणि देशात आठ लाखांहून अधिक सभासद आहेत. आपल्याकडच्या लहान शाखांमधून गेलेल्या मुलीला रविवारी भरलेले सभागृह पाहून फार बळ मिळते.

जेवण म्हणजे तिन्ही वेळा भात. मोंगो ही मुगाची आमटी तुला घरच्यासारखी लागेल, मात्र तिच्यातही मासा किंवा डुकराचे मांस बऱ्याचदा असते, म्हणून शाकाहारी असशील तर ते आधीच कळव. स्वयंपाक स्वतः करायचा. कपडे बहुतेक ठिकाणी घमेल्यात हाताने धुवायचे. त्यासाठी, बाजारासाठी आणि पत्रांसाठी आठवड्यातला एक तयारीचा दिवस असतो, बहुधा सोमवार. डेंग्यूचा धोका खरा आहे. मच्छरदाणी आणि मलम यांचा कंटाळा करू नकोस.

पगार नसतो. अमेरिकेतल्या कुटुंबांना २०२० पासून महिना ५०० डॉलर भरावे लागतात. आपल्याकडे ब्रांच प्रेसिडेंटबरोबर, म्हणजे आपल्या शाखेच्या प्रमुखांबरोबर, बसून ऐपतीप्रमाणे रक्कम ठरते आणि बाकीचे निधीतून येते. घरभाडे मिशन भरते, जेवणखाण आणि प्रवासासाठी दरमहा ठरावीक पैसे मिळतात.

माझ्या वेळी घरी फोन वर्षातून दोनदाच होता, आणि ते आईला फार जड गेले. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्यामुळे तू सोमवारी सकाळी दहाला बोललीस तर पुण्यात साडेसात वाजलेले असतील, म्हणजे आईच्या कामाच्या धांदलीआधी. मन फारच खचले तर ते लपवू नकोस. मिशन प्रेसिडेंट आणि त्यांच्या पत्नी यांच्याकडे थेट बोलता येते आणि समुपदेशनाचीही सोय असते.

राहिला कॉलेजचा प्रश्न. दीड वर्षाच्या खंडानंतर त्याच वर्गात परत घेतील का, हे तोंडी आश्वासनावर सोडू नकोस. कार्यालयातून सही-शिक्क्याचे पत्र घे, एक प्रत वडिलांकडे ठेव आणि मगच तिकिटाची तारीख कळव.